उजवीकडचं पान

आमच्या नंदूच्या वहीत डावीकडचं पान नंदूचं आणि उजवीकडचं तिच्या वडिलांचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचा सगळा गोंधळ त्या उजव्या पानानं केला आणि निस्तरलाही त्यानंच.

वही सुरू केली ती नंदूसाठी. मानसशास्त्र घेऊन बी.ए. झालेल्या बाईला पहिली मुलगी झाली की ती दुसरं काय करणार? किती वेळा प्याली, किती झोपली, शी पिवळी की हिरवी, सगळं तारखेनिशी. पोर गप्प झोपली की मी तिच्या नाकाखाली बोट धरायची, श्वास चालू आहे ना बघायला. बोटानं ती जागी व्हायची, भोकाड पसरायची, आणि मग माझा जीव भांड्यात पडायचा.

"नवरा गिरणीत हजेरी मांडतो आणि बायको घरात," अत्ती म्हणायच्या. "पोर हाय का कामगार?"

अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, काशम्मा. माहेर मंद्रूपचं. कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात बोलतात, पण वाचतात फक्त कन्नड. त्यामुळे वहीत मी काहीही लिहू शकत होते. आणि हे, म्हणजे शिवशरण, गिरणीतले हजेरी कारकून. दिवसभर नावांपुढे खुणा करून इतके विटलेले असत की घरातली वही त्यांनी कधी उघडून बघितली नाही.

उजवं पान दिवाळीनंतर सुरू झालं.

बाळंतपणाला मी पाच महिने अक्कलकोटला माहेरी होते. श्रावणात परत आले तेव्हा हे एस.टी.च्या आधी तासभर स्टँडवर येऊन उभे. त्यानंतरचे दोन महिने... आता कसं लिहू? गिरणी ते घर चालत वीस मिनिटं आहे. संध्याकाळचा भोंगा झाला की हे बाराव्या मिनिटाला दारात. अत्ती नंदूला काखेला मारून मुद्दाम देवळात जायच्या आणि परतताना गल्लीच्या तोंडापासूनच मोठमोठ्यानं खोकत यायच्या. एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

आणि दसऱ्यानंतर एकदम सामसूम. भोंगा झाल्यावर पन्नास मिनिटांनी घरी. जेवले की आडवे, आडवे झाले की झोप. मी जरा केसांतून हात फिरवला तर "दमलीस गं, झोप आता," म्हणून माझ्याच अंगावर चादर ओढायचे आणि पाठ फिरवायचे. चादर सोलापुरी, चांगली जाडजूड. तिच्या आत उकडत मी विचार करायची. प्रेम आटलं? दुसरी कुणी? की काही दुखणं? बी.ए.ची पुस्तकं ट्रंकेतून काढली. त्यांत उंदरांविषयी भरपूर माहिती होती, नवऱ्यांविषयी एक ओळ नाही.

मग निरीक्षण करायचं ठरवलं. नंदूच्या पानासमोरचं पान कोरंच होतं. त्यावर नाव न घालता लिहिलं: 'झोप: पडल्या पडल्या. भूक: तीन भाकरी. चिडचिड: नाही. नाक: चोंदलेलं. सर्दी: नाही. माझ्याकडे बघितलं: एकदा, गालाला पीठ लागलं होतं म्हणून.'

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पीठ लागलं नव्हतं, म्हणून तेही नाही.

चौथ्या दिवशी एक ओळ वाढली. 'पूजा: सकाळी पंचवीस मिनिटं, संध्याकाळी वीस.' ह्यांची पूजा म्हणजे आंघोळ झाली की कोपऱ्यातला पडदा ओढायचा, कपाळाला विभूती लावायची, गळ्यातल्या चांदीच्या करडगीतून, म्हणजे डबीतून, इष्टलिंग काढून डाव्या तळहातावर घ्यायचं, पाणी, बेलाचं पान, तीर्थ, झालं. लग्न झाल्यापासून मी बघत होते, आठ मिनिटांच्या वर कधी गेली नव्हती, तीही दिवसातून एकदाच.

हे अत्तींच्याही लक्षात आलं होतं. एका दुपारी शेंगाची चटणी कुटता कुटता त्यांनी विचारलं, "जगदेवी, पोरगा पूजेला किती वेळ बसतोय गं?"

"पंचवीस मिनिटं. संध्याकाळी वीस." मला आठवावंसुद्धा लागलं नाही.

अत्तींचा बत्ता थांबला. "तुझा चुलतसासरा, ईरप्पा. त्याचं असंच झालतं. आदी पूजा वाढली. मग बोलणं कमी झालं. मग बायकोकडं पाठ करून झोपायला लागला. आणि एक दिवस उठून मठात गेला. अजून तितंच हाय. सुखानं जेवतोय."

"किती वय होतं तेव्हा?"

"एकतीस."

ह्यांना श्रावणातच एकतिसावं लागलं होतं.

"पण अत्ती," मी म्हटलं, "पाठ करून झोपतात, हे तुम्हाला..."

"मधी पडदा हाय बाई, भिंत न्हाय. पूर्वी मी कानावर पदर घ्यायची. आता घ्यावाच लागत न्हाय की!"

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण अत्ती आपल्या सरळ चटणीत मीठ घालत होत्या, मूठभर. अंगात ताकद येते ती मिठानं, असं त्यांचं ठाम मत. "देवाला एक दिला आमच्या घरानं," त्या म्हणाल्या, "दुसरा न्हाय द्यायची. तू घाबरू नको. त्याला संसारात बांधून ठेवायचं काम माजं."

आणि मग आमच्या घरात जे सुरू झालं त्याला काय म्हणावं मला अजून कळत नाही.

आधी उडदाचे लाडू आले. मग खारीक घातलेलं आटीव दूध. हे निमूटपणे खायचे, प्यायचे आणि अधिक गाढ झोपायचे. मग अत्ती मंद्रूपच्या बाजारला गेल्या आणि एका वैदूकडून दोन वस्तू घेऊन आल्या: एक राखाडी पूड आणि एक तेलाची बाटली. बाटलीवर मिशीवाल्या पैलवानाचं चित्र.

"पुडीत काय आहे, अत्ती?"

"इचारायचं न्हाय. घालायचं."

पूड चटणीत घातली. तीन दिवस हे टमरेल घेऊन गल्लीच्या टोकाला धावत होते. पूजेचा वेळ मात्र खरोखरच चार मिनिटांवर आला. अत्ती खुशीत म्हणाल्या, "बघ, गुण आला!"

तेलाची तर वेगळीच तऱ्हा. ते कुठं लावायचं हे पोटच्या पोराला सांगायचं कसं, या विचारात अत्ती बाटली हातात घेऊन उभ्या होत्या आणि नेमके हे आत आले.

"हे कसलं तेल, अव्वा?"

"गुडघ्याचं," अत्ती म्हणाल्या.

"मग लाव की. कालपासून कण्हतीयस."

झालं. त्या दिवसापासून ह्यांच्या देखत, सकाळ-संध्याकाळ, अत्तींना ते गुडघ्याला चोळावं लागलं. चिकट इतकं की लुगडं चिकटून बसायचं. पण खोटं कशाला सांगू, आठवड्यात त्या देवळाच्या पायऱ्या माझ्या आधी चढायला लागल्या.

शेवटी अत्तींनी मला मोगऱ्याचं अत्तर आणून दिलं. "कानामागं लाव. थोडंच." मी घाबरट, थोड्यानं भागेल का असं वाटून जरा जास्त लावलं. नंदू शिंकायला लागली. अत्तींच्या डोळ्यांतून पाणी. शेजारच्या कल्लप्पांनी भिंतीपलीकडून विचारलं, "लग्न आहे का काय कुणाचं?" एवढ्यात हे आले. माझ्यासमोर बसले, ताटाकडे बघितलं आणि म्हणाले, "आज भाजी कसली?"

त्या दिवशी उजव्या पानावर मी लिहिलं: 'अत्तर: कळलं नाही.' आणि पहिल्यांदा वहीवर डोळ्यांतलं पाणी पडलं. हसू येत होतं म्हणून नव्हे. हे खरंच जातील, असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. मठात म्हणा, नाहीतर इथंच, माझ्या शेजारी पाठ करून.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाल्यावर नंदूला खोकला झाला. मी वही घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाई पन्नाशीच्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांना माझी वही आवडायची. "आण, बघू काय म्हणतेय आपली राणी," म्हणून त्यांनी ती माझ्या हातातून ओढून घेतली, उघडली आणि बाकावरच्या चार बायकांच्या देखत मोठ्यानं वाचायला लागल्या.

"झोप: पडल्या पडल्या. छान. भूक: तीन भाकरी." चष्मा खाली आला. "तीन? दहा महिन्यांच्या पोरीला तू तीन भाकरी घालतेस?"

"बाई, ते पान..."

"चिडचिड: नाही. नाक: चोंदलेलं. पूजा: पंचवीस मिनिटं!" बाईंनी नंदूकडे बघितलं. नंदू त्यांच्या स्टेथोस्कोपची नळी चघळत होती. "ही पूजा करते?"

बाकावरच्या एका म्हातारीनं भक्तिभावानं नंदूला हात जोडले.

"पुढचं वाचू नका हो!" मी म्हणाले, पण बाई पुढच्याच ओळीवर होत्या आणि तिथं त्यांचा आवाज एकदम बंद झाला. त्यांनी वही मिटली, मला आत नेलं, दार लावलं आणि टेबलाला धरून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मीही हसले. मग हसता हसता मी रडायला लागले आणि बाई एकदम डॉक्टर झाल्या.

"कधीपासून?"

"दसऱ्यापासून."

"दारू?"

"छे हो. लिंगायताचं घर."

"ते मला सांगू नको. दारू?"

"नाही."

"तंबाखू?"

"सुपारी फक्त."

"लघवीच्या जागी मुंग्या लागतात का? लघवीला सारखं जावं लागतं? नाही? बरं, म्हणजे साखर नसावी. गिरणीत पाळी बदलते का, झोपेचे हाल?"

"कायम दिवसाचं काम आहे."

"भांडण? नोकरीची काळजी? काळजीनंही इच्छा मरते, बाई. आणि बाळंतपणानंतर काही नवरे घाबरतात, बायकोला काही होईल म्हणून. घरात कोण कोण?"

"आम्ही आणि अत्ती. एकच खोली. मध्ये पडदा."

"पडदा," बाई म्हणाल्या, "हेही एक कारणच. पण तो श्रावणातही होताच की." त्यांनी वही पुन्हा उघडली आणि या वेळी हसल्या नाहीत. बोट एका ओळीवर ठेवलं. "नाक चोंदलेलं, सर्दी नाही. रोज लिहिलंयस. अत्तर कळलं नाही. सुस्ती. आणखी एक सांग. तो हसतो का?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला आठवेना. अत्तींच्या गुडघ्यावर आम्ही दोघी मरेस्तोवर हसलो होतो. हे हसले नव्हते. पानावर इतकं सगळं लिहिलं आणि हे लिहायचं राहिलं होतं.

"नाही," मी म्हणाले.

"तुझा नवरा कसली तरी गोळी घेतोय," बाई म्हणाल्या. "रक्तदाबावर सर्पगंधेची एक गोळी देतात, सगळीकडे देतात. दाब उतरतो, पण कुणाकुणाचं त्याबरोबर बाकीचंही उतरतं. नाक बंद, अंग जड, मन खाली. आणि बायकोकडे पाठ. वडील कशानं गेले त्याचे?"

"अंगावरून वारं गेलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी." आणि मग मी एकदम ओरडले, "केळं!"

"काय?"

"दसऱ्याच्या आधी गिरणीत रक्तदान होतं. कल्लप्पा केळं आणि बिस्किटाचा पुडा घेऊन आले. हे रिकाम्या हातानं! गर्दी होती म्हणाले!"

"रक्तदाब बघून परत पाठवला असणार," बाई म्हणाल्या. "आता ऐक. घरी जाऊन आरडाओरडा नको. गोळी तुझी तू बंद करायची नाही, एकदम बंद करणं वाईट. त्याला इथं घेऊन यायचं. आणि काही पुडीबिडी घालत असलीस तर ती आधी उकिरड्यावर."

मी नंदूला घेऊन जवळजवळ पळतच घरी आले. अत्तींना सांगितलं. आम्ही सदऱ्याचे खिसे, ट्रंक, गादी, पिठाचा डबासुद्धा बघितला. गोळी नाही. मग एकाच वेळी आम्ही दोघींनी कोपऱ्यातल्या पडद्याकडे बघितलं.

"पूजेच्या सामानाला पारोशानं हात लावायचा न्हाय," अत्ती म्हणाल्या. "पण बघायला काय हरकत न्हाय की."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी पडद्याबाहेर, मी उभी आणि अत्ती गुडघ्यावर, एकीच्या डोक्यावर एक, पडद्याच्या भोकाला डोळा लावून. हे आत बसलेले. विभूती लावली. लिंगाला पाणी, बेल. सगळं आठ मिनिटांत झालं, पूर्वीसारखंच. लिंग करडगीत गेलं. मग त्यांनी विभूतीची डबी पुन्हा उघडली, विभूतीत बोट घातलं आणि एक पांढरी गोळी बाहेर काढली. फुंकरली. तळहातावर ठेवली.

आणि नुसते बसून राहिले. ती गोळी बघत.

तोंडापर्यंत न्यायचे, पुन्हा खाली आणायचे. एकदा वळून पडद्यापलीकडच्या पाळण्याच्या दिशेनं बघितलं. ह्यांची पंचवीस मिनिटांची पूजा ती ही होती.

मी हाक मारणारच होते. पण अत्तींच्या तोंडून ती आधी बाहेर पडली.

"अय्यो शिवने!" म्हणून त्यांनी पडदा धरला आणि पडदा दांडीसकट खाली आला. हे दचकून उठले. गोळी उडाली. आणि त्याच वेळी नंदू, जी माझ्या माहितीप्रमाणे पाळण्यात होती, ती जमिनीवरून रांगत त्या दिशेनं निघालेली मला दिसली.

"गोळी! पोर! गोळी!"

मी झेप घातली. नंदूचं तोंड चालू होतं. बोट घातलं, तिनं दोन दातांनी कडकडून चावलं, तरी जे होतं ते ओढून काढलं: बेलाचं पान. गोळी नाही. हे पालथे पडून जमीन चाचपत होते, कपाळाची विभूती नाकावर. अत्ती नऊवारीचा काचा वर खोचून गुडघ्यावर कोपरा शोधत होत्या. मी नंदूला उलटी धरून पाठीवर थापट्या मारत होते. कल्लप्पा भिंतीपलीकडून विचारत होते, "साप हाय का?" नंदू खदखदा हसत होती.

"अव्वा," हे एकदम म्हणाले, "हलू नको."

गोळी अत्तींच्या उजव्या गुडघ्याला चिकटली होती. पैलवानाच्या तेलाला.

आणि हे हसले. आधी नाकातून, पण नाक बंद, म्हणून तो आवाज तोंडानं बाहेर पडला, एखाद्या रेड्यासारखा. ते जमिनीवर बसले आणि हसत राहिले, आणि हसता हसताच सगळं सांगून टाकलं. रक्तदानाचं. दवाखान्याचं. "आप्पा असेच गेले ना, अव्वा. तुला सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी आडवी झाली असतीस. गोळी घेतली की माझं पार दगड होतंय. काय म्हणजे काय वाटत नाही. हिच्याकडं बघायला लाज वाटते, म्हणून घरी उशिरा येतो, बघत नाही. न घ्यावी तर नंदूकडं बघून भीती वाटते. म्हणून रोज बसतो हातात धरून. आणि शेवटी घेतो."

मी त्यांच्या नाकावरची विभूती पदरानं पुसली.

अत्ती मात्र वेगळाच हिशोब लावत होत्या. "म्हंजे मठ न्हाय?"

"कसला मठ?"

"मठ न्हाय!" अत्तींनी गुडघ्यावरची गोळी सोडवून ह्यांच्या हातावर ठेवली. "मग घे बाबा ही. पुसून घे जरा. आणि जगदेवीच्या डाक्टरीणबाईकडं चल. मी पण येते."

तिघंही गेलो, नंदू धरून चौघं. बाईंनी दाब बघितला, दवाखान्याची चिठ्ठी बघितली आणि जुनी गोळी हळूहळू कमी करत दुसऱ्या जातीची सुरू केली. "दर पंधरा दिवसांनी दाब बघायला यायचं, लपवाछपवी नाही. संध्याकाळी तळ्याभोवती फेरी मारायची, दोघांनी. आणि मीठ कमी. घरात मीठ कोण घालतं?"

अत्तींनी छताकडे बघितलं.

"आणि हे बघा," बाई ह्यांना म्हणाल्या, "तुम्ही संपला नाहीत. गोळीचा दोष तुम्ही स्वतःवर घेतलात. पाठ फिरवायचीच असेल तर आधी बोला, मग फिरवा."

हे कानापर्यंत लाल झाले. तेवढं रक्त खेळताना मी तीन महिन्यांत बघितलं नव्हतं. घरी येऊन ते लिहिलं.

मग रोज संध्याकाळी सिद्धेश्वराच्या तळ्याभोवती आम्ही दोघं. पहिला आठवडा गप्पच. दुसऱ्या आठवड्यात हे गिरणीतल्या साहेबाची नक्कल करायला लागले. तिसऱ्या आठवड्यात एकदम थांबले, हुंगल्यासारखं केलं आणि म्हणाले, "कुणीतरी शेंगा भाजतंय." मी भर रस्त्यात टाळ्या वाजवल्या. चटणी बिनमिठाची झाली होती आणि अत्ती जेवताना प्रत्येक घासाला उसासा टाकायच्या. चौथ्या आठवड्यात त्या स्वतःहून म्हणाल्या, "मी मंद्रूपला जाते आठ दिवस. भावाला भेटून लई दिवस झाले." जाताना राखाडी पुडी त्यांच्या पिशवीत दिसली.

"अत्ती! ती टाकायला सांगितली होती!"

"भावजय लई त्रास देते भावाला," अत्ती म्हणाल्या. "तिच्यासाठी. तीन दिवस गप बसंल."

पुडी मी काढून घेतली. तेलाची बाटली नेऊ दिली.

महाशिवरात्र झाल्यावर ह्यांचा दाब बघायला आणि नंदूचं वजन करायला आम्ही पुन्हा गेलो. दाब बरा निघाला. बाईंनी वही मागून घेतली, सरळ उजवं पान उघडलं. मग मागचं. मग त्याच्या मागचं.

"कोरं?" त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "तीन आठवडे कोरं? निरीक्षण बंद?"

"वेळच मिळाला नाही, बाई," मी म्हणाले, आणि ते तोंडातून गेल्यावर मला कळलं मी काय म्हणाले.

बाईंनी ओठ चावून धरले आणि घाईघाईनं डावीकडे वळल्या. "अगं, इथं पण शनिवारची शी लिहिलेली नाही!"

नोंद चुकली होती. अकरा महिन्यांत पहिल्यांदा. मी आठवायला लागले आणि मला काही केल्या शनिवार आठवेना.

"पिवळी होती," मागून हे म्हणाले. नंदूला खांद्यावर घेऊन उभे होते. "सकाळी एकदा, दुपारी एकदा. मी बघितली. लिहून घ्या."